प्राथमिक निवडणूक : पुणे करारातील एक विस्मृत कलम



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. सर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवीत. नागरिकशास्त्र हा परीक्षेत कमी गुणांचा आणि म्हणून विद्यार्थ्यांच्या लेखी कमी महत्त्वाचा विषय. पण सरांनी तो आम्हांला वर्गनायकाच्या निवडणुकीतून शिकवला. जूनमध्ये शाळा उघडली की सर फळ्यावर तीन नावे लिहीत आणि हात वर करून आम्ही त्यांतील एकाला निवडत असू. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, नावं तुम्हीच लिहिता, मग आम्ही निवडतो ते काय?" वर्ग चिडीचूप झाला. सर रागावले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी खडू मागच्या बाकांवरच्या मुलांच्या हाती दिला आणि सांगितले, "या वेळी नावं तुम्ही लिहा, मत सगळा वर्ग देईल." त्या निवडणुकीचे पुढे काय झाले ते मी शेवटी सांगेन. आजचा विषय मात्र मला तेथेच सापडला आहे.

मी मराठी वाङ्मयाचा अध्यापक. इतिहासकार नव्हे आणि राज्यशास्त्रज्ञ तर मुळीच नव्हे. शब्दांचा अर्थ लावणे हा माझा जन्माचा व्यवसाय. परंतु काही वेळा इतिहासाचा मोठा प्रवाह एखाद्या करारातील चार ओळींच्या अर्थावर अडून राहतो. अशाच चार ओळींविषयी मी बोलणार आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगाच्या छायेत झालेला पुणे करार सर्वांना ठाऊक आहे. गांधीजींचे उपोषण, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर आलेले दडपण, विभक्त मतदारसंघांचा त्याग आणि त्या बदल्यात वाढलेल्या राखीव जागा, एवढे शालेय पुस्तकातही असते. पण त्या करारात 'प्राथमिक निवडणूक' नावाची एक पद्धती होती, ती १९३७ आणि १९४६ अशा दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्यक्ष अमलात आली, आणि तिने उमेदवारांचे व मतदारांचे भवितव्य घडवले व बिघडवले, हे आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत.

प्रथम या शब्दाचे मूळ पाहू. निवडणुकीत मतदार उमेदवाराला निवडतो हे खरे. पण त्याच्यापुढे उमेदवार म्हणून कोण उभा राहणार, हे आधी कोणीतरी ठरवलेले असते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात हे काम पक्षांची अधिवेशने करीत आणि अधिवेशनांची सूत्रे पक्षातील काही धुरीणांच्या हाती असत. त्याविरुद्ध विस्कॉन्सिन राज्याचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी झुंज दिली. १९०३ साली तेथील विधिमंडळाने, पक्षाचा उमेदवार पक्षाच्या सामान्य मतदारांनीच गुप्त मतदानाने निवडावा, असा कायदा केला. १९०४ मध्ये जनतेने त्याला कौल दिला आणि १९०६ मध्ये तो प्रथम वापरला गेला. पुढील दशकभरात ही चळवळ बहुतेक राज्यांत पसरली. मुख्य निवडणुकीपूर्वीची ही निवडणूक म्हणजेच 'प्रायमरी', आपल्या भाषेत प्राथमिक निवडणूक.

येथे आपल्या बडोद्याचा संबंध येतो. सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर तरुण भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१६ पर्यंत तेथे राहिले. उमेदवार कोणी ठरवावेत, हा वाद अमेरिकेत ऐन भरात होता तो हाच काळ. पुणे करारातील कल्पना बाबासाहेबांनी तेथून आणली असे मी म्हणत नाही. ती योजना करारात आणली ती सर तेजबहादूर सप्रू यांनी. तथापि येरवड्याच्या वाटाघाटींत जे शब्द टेबलावर आले, ते त्या टेबलाशी बसलेल्या सर्वांत विद्वान माणसाला नवे नव्हते, एवढे खासच.

पण अमेरिकेतील या सुधारणेची एक काळी बाजूही होती, आणि पुणे करार समजून घेण्यासाठी ती पाहिली पाहिजे. दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षाचे एकछत्री राज्य होते. त्या पक्षाचा उमेदवार मुख्य निवडणुकीत हरणे जवळजवळ अशक्य. म्हणजे खरी निवडणूक प्राथमिक फेरीतच होई. मुख्य निवडणूक हा नुसता उपचार. टेक्सासच्या विधिमंडळाने १९२३ साली कायदा केला की, डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीयास मत देता येणार नाही. मुख्य निवडणुकीत मात्र त्याचा हक्क कागदोपत्री शाबूत! एल पासो येथील लॉरेन्स निक्सन नावाचे कृष्णवर्णीय डॉक्टर न्यायालयात गेले आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. लगेच टेक्सासने नवा कायदा करून हा अधिकार पक्षाच्या कार्यकारिणीकडे सोपवला. निक्सन पुन्हा लढले आणि मे १९३२ मध्ये पुन्हा जिंकले. त्याच महिन्यात पक्षाने आपल्या अधिवेशनात स्वतःच ठराव करून तीच बंदी पुन्हा घातली. १९३५ साली ह्यूस्टनचे एक केशकर्तनकार, ग्रोव्ही, यांचा दावा न्यायालयाने फेटाळला; पक्ष ही खाजगी संस्था आहे, तिने कोणास सभासद करावे हा तिचा प्रश्न, असे कारण दिले. अखेर एप्रिल १९४४ मध्ये ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात, ज्यात थर्गुड मार्शल यांनी बाजू मांडली, न्यायालयाने आपलेच मत फिरवले आणि 'गोऱ्यांची प्राथमिक निवडणूक' घटनाबाह्य ठरवली. तरीही टेक्सासच्या फोर्ट बेंड परगण्यात 'जेबर्ड' नावाचे एक गोऱ्यांचे मंडळ पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीच्याही आधी आपली खाजगी निवडणूक घेत राहिले. ते थांबायला १९५३ साल उजाडावे लागले.

मुख्य दरवाजा उघडा ठेवायचा, पण त्याच्या अलीकडच्या दरवाजाला कुलूप घालायचे, ही ती युक्ती. हे चित्र मनात ठेवून आता आपण येरवड्याला येऊ.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य वर्गास प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा देण्यात आल्या. या जागांवर उमेदवारही अस्पृश्य आणि मतदारही केवळ अस्पृश्य. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांना मत होतेच, म्हणजे दोन मते. गांधीजींना हे मान्य नव्हते. विभक्त मतदारसंघाने हिंदू समाज कायमचा दुभंगेल, खेड्याखेड्यांत भिंत उभी राहील आणि अस्पृश्यतेचा कलंक सवर्णांनी स्वतःहून धुऊन काढण्याची वाटच बंद होईल, अशी त्यांची धारणा होती. २० सप्टेंबरला त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभले. बाबासाहेबांची भूमिकाही तितकीच स्पष्ट होती. जो समाज गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नाही, त्याच्या मतांवर निवडून येणारा प्रतिनिधी आमचा कसा असेल, हा त्यांचा प्रश्न. दोन्ही भूमिकांमागे कळकळ होती. आज इतक्या वर्षांनी त्यांतील एकीला खलत्व देण्यात मला रस नाही.

कोंडी फुटली ती सप्रूंच्या योजनेने. मतदारसंघ संयुक्त राहील. पण राखीव जागेवर कोण उभे राहणार, हे आधी अस्पृश्य मतदारच ठरवतील. मूळ सूचना काही थोड्याच जागांपुरती होती. ती सर्वच राखीव जागांना लागू करावी असा गांधीजींचा आग्रह पडला. करारात शब्द आले ते असे, अर्थाने सांगतो. मतदारसंघाच्या सर्वसाधारण यादीतील अस्पृश्य मतदार प्रत्येक राखीव जागेसाठी, प्रत्येकी एकेक मत देऊन, चार उमेदवारांची नामावली निवडतील. प्राथमिक निवडणुकीत सर्वाधिक मते मिळालेले ते चौघे मुख्य निवडणुकीस उभे राहतील. आणि त्यांतील एकाला सर्व मतदार मिळून निवडतील. जागा ७१ वरून १४८ झाल्या; मद्रासला आणि बंगालला प्रत्येकी ३०, मुंबई इलाख्याला सिंधसह १५, मध्यप्रांताला २०. राखीव जागा उभयपक्षी करार होईपर्यंत राहाव्यात आणि प्राथमिक निवडणुकीची पद्धती मात्र दहा वर्षांनी संपावी, असे ठरले. २६ सप्टेंबरला, सरकारची संमती आल्यावर, गांधीजींनी उपोषण सोडले. देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्या क्षणी या चार ओळींचे गणित मांडून पाहण्याच्या मनःस्थितीत फारसे कोणी नव्हते.

ते गणित आज आपण मांडू. समजा, एका मतदारसंघात वीस हजार मतदार आहेत आणि त्यांत दोन हजार अस्पृश्य. प्राथमिक निवडणुकीत पहिल्या उमेदवारास अकराशे मते पडली, दुसऱ्यास पाचशे, तिसऱ्यास अडीचशे आणि चौथ्यास दीडशे. चौघेही नामावलीत आले. आता मुख्य निवडणूक. उरलेल्या अठरा हजार मतदारांना पहिला उमेदवार परखड वाटतो, भांडखोर वाटतो. चौथा मनमिळाऊ आणि सोयीचा. ते चौथ्यास मते देतात. निवडून येतो तो चौथा. ज्याला आपल्या समाजातील शंभरातील साडेसात माणसांनीच पसंत केले होते तो. अर्ध्याहून अधिकांचा विश्वास ज्याने मिळवला, तो घरी बसतो. नियमाचा भंग कोठेही झालेला नाही. सर्व काही करारानुसार!

चार जागा आणि प्रत्येकास एकच मत, या दोन गोष्टी एकत्र आल्या की आणखी एक गंमत घडते. पाचव्या हिश्श्याहून किंचित अधिक मते ज्याला मिळतात, त्याला नामावलीतून कोणीही रोखू शकत नाही. कारण त्याच्याहून अधिक मते मिळवणारे चौघे असूच शकत नाहीत. म्हणजे ज्या पक्षाचा भरवसा मुख्य निवडणुकीतील सवर्ण मतांवर आहे, त्याला प्राथमिक फेरी जिंकावी लागतच नाही. चार नावांत आपले एक नाव घुसवले की काम झाले. याउलट दलितांच्या स्वतंत्र संघटनेला ते नाव अडवायचे असेल, तर चारही जागा स्वतः व्यापाव्या लागतील, त्यासाठी आपली मते चार उमेदवारांत तोलून मापून वाटावी लागतील. आणि ती वाटताना थोडी जरी चूक झाली तरी सारेच मुसळ केरात.

उमेदवारावर याचा परिणाम काय झाला असेल, त्याची कल्पना करा. त्याला एकाच जागेसाठी दोनदा लढावे लागे, दोनदा खर्च करावा लागे, आणि तो ज्या समाजातून येई तो तर देशातील सर्वांत निर्धन समाज. त्याहून कठीण म्हणजे त्याला दोन भाषा बोलाव्या लागत. पहिल्या फेरीत आपल्या माणसांपुढे विहिरीची, वेठबिगारीची, महारवतनाची गोष्ट काढायची. आणि दुसऱ्या फेरीत ज्यांच्या विहिरी होत्या त्यांच्याच दारात मत मागायला जायचे. जो पहिल्या फेरीत जितका खरा बोलला, तो दुसऱ्या फेरीत तितका अडचणीत आला. आणि मतदाराचे काय? त्याच्या हाती एक मत आले, ज्याला 'प्रथम' म्हणत. पण ते शेवटी मोजलेच गेले नाही तरी चालण्यासारखे होते.

आता शब्दांच्या अर्थाकडे वळतो. 'चार' म्हणजे किती? प्रश्न पोरकट वाटेल. पण १९३५-३६ मध्ये सर लॉरी हॅमंड यांच्या अध्यक्षतेखाली मतदारसंघ आखणाऱ्या समितीपुढे तो गंभीरपणे उपस्थित झाला. चार ही किमान संख्या की कमाल? किमान म्हटले, तर चार उमेदवार पुढे आले नाहीत म्हणजे निवडणूकच खोळंबते. कमाल म्हटले, तर एकही उमेदवार पुरे. प्रत्यक्षात व्यवहार असा ठरला की, चाराहून अधिक उमेदवार असतील तरच प्राथमिक निवडणूक घ्यायची. चार किंवा कमी असतील तर ते सरळ मुख्य निवडणुकीस उभे. परिणाम असा की, बहुसंख्य राखीव मतदारसंघांत ही फेरी झालीच नाही. दलित समाजाला विभक्त मतदारसंघाच्या बदल्यात जी गोष्ट मिळाली होती, ती बहुतेक ठिकाणी वापरातच आली नाही.

याच समितीपुढे दुसरा वाद झाला तो मत कसे द्यायचे याचा, आणि तो मुंबई इलाख्याच्या दृष्टीने निर्णायक ठरला. अनेक सदस्यांच्या मतदारसंघात मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत. ती वेगवेगळ्या उमेदवारांना वाटलीच पाहिजेत, की सारी एकालाच देता येतील? बाबासाहेबांनी दुसऱ्या पद्धतीचा, म्हणजे संचित मतदानाचा आग्रह धरला आणि मुंबई इलाख्यात ती पद्धती आली. तिचे फळ १९३७ मध्ये दिसले. दलित मतदारांनी आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकली. १९३६ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सतरांपैकी बहुसंख्य उमेदवार निवडून आले. खुद्द बाबासाहेब मुंबईतील भायखळा-परळ मतदारसंघातून विजयी झाले. त्यांनी सुमारे दोन हजार मतांनी ज्यांना हरवले, ते काँग्रेसचे उमेदवार पाळवणकर बाळू हे थोर क्रिकेटपटू होते आणि पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी एक होते. एकाच करारावर सह्या करणारे दोघे, दोघेही महाराष्ट्राला ललामभूत, त्याच कराराने निर्माण केलेल्या जागेसाठी समोरासमोर उभे राहिले!

पाहा, करार तोच, जागा त्याच, समाज तोच. मत देण्याचा एक नियम दलित मतदाराला अनुकूल पडला आणि चित्र पालटले. निवडणुकीचे नियम हे रंगभूमीच्या पडद्यामागील दोऱ्यांसारखे असतात. प्रेक्षकाला नट दिसतो, दोरी दिसत नाही. पण पडदा केव्हा पडायचा हे दोरीवाला ठरवतो.

१९४६ ची कथा निराळी. तोपर्यंत १९४२ साली नागपुरात स्थापन झालेला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा बाबासाहेबांचा पक्ष मैदानात होता आणि देशभर स्वातंत्र्याच्या आकांक्षेची लाट होती. फेडरेशनला मुख्य निवडणुकीत बोटांवर मोजण्याइतक्याही जागा धड मिळाल्या नाहीत. पण जेथे जेथे प्राथमिक निवडणूक झाली, तेथील आकडे घेऊन बाबासाहेब ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या शिष्टमंडळापुढे गेले. त्यांचे म्हणणे असे की, दलितांच्या स्वतःच्या मतदानात आमचे उमेदवार अनेक ठिकाणी पुढे होते आणि तेच उमेदवार सर्वांच्या मतदानात पडले. तेव्हा आमच्या समाजाचे प्रतिनिधी कोण, हे कोणत्या फेरीवरून ठरवणार? काँग्रेसचे उत्तर असे की, प्राथमिक निवडणुका थोड्याच जागी झाल्या, त्यांवरून सबंध देशाचा निष्कर्ष काढता येत नाही, आणि मुख्य निवडणुकीतही दलितांनी मते दिलेलीच आहेत. दोन्ही बाजूंत तथ्य होते; कारण मुख्य मतपेटीत कोणाचे मत कोठे पडले, हे वेगळे करून पाहण्याची सोयच नव्हती. शिष्टमंडळाने काँग्रेसची बाजू ग्राह्य धरली. जुलै १९४६ मध्ये विधिमंडळाचे अधिवेशन पुण्यात भरले असता फेडरेशनने पुणे करार रद्द व्हावा म्हणून तेथे सत्याग्रह केला. ज्या शहरात करार झाला, त्याच शहरात त्याच्याविरुद्ध माणसे तुरुंगात गेली. त्याच महिन्यात बाबासाहेब संविधान सभेवर निवडून आले, तेही महाराष्ट्रातून नव्हे, तर बंगालमधून.

१९४७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी आपल्या निवेदनात विभक्त मतदारसंघांची मागणी पुन्हा मांडली. ऑगस्टमध्ये संविधान सभेत एस. नागप्पा यांनी एक मध्यम मार्ग सुचवला. राखीव जागेवर निवडून येणाऱ्यास अनुसूचित जातींच्या मतांपैकी किमान ३५ टक्के मते मिळालेली असावीत, असे त्यांचे म्हणणे. प्राथमिक निवडणुकीतील उणीव यात नेमकी हेरलेली होती. सरदार पटेलांनी त्यास विरोध केला आणि नागप्पांनी दुरुस्ती मागे घेतली. १९५० च्या संविधानात संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा राहिल्या. प्राथमिक निवडणूक गेली, तशी कोणाच्या फारशी लक्षातही न येता गेली. १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात बाबासाहेब काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून चौदा-पंधरा हजार मतांनी पराभूत झाले. तेव्हा नियम बदललेला होता. मतदाराची दोन मते एकाच उमेदवारास देण्यास आता मनाई होती. पराभवाची कारणे अनेक असतील, पण १९३७ ची दोरी १९५२ मध्ये राहिली नव्हती, हेही विसरता कामा नये. द्विसदस्य मतदारसंघही १९६१ च्या कायद्याने संपुष्टात आले.

आता टेक्सास आणि येरवडा शेजारी शेजारी ठेवून पाहा. टेक्सासमध्ये दुर्बलांना मुख्य निवडणूक दिली होती आणि प्राथमिक नाकारली होती. कारण खरा निर्णय प्राथमिक फेरीत होत असे. आपल्याकडे दुर्बलांना प्राथमिक निवडणूक दिली, अगदी त्यांच्या एकट्यांच्या मालकीची करून दिली. पण खरा निर्णय मुख्य फेरीत होत असे. एकाच यंत्राची ही दोन उलटी रूपे. हेतूंत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर होते. टेक्सासचा कायदा माणसाला बाहेर ठेवण्यासाठी केलेला, तर पुण्याचा करार दुभंगणारा समाज सांधण्यासाठी केलेला. म्हणूनच पुण्याची गोष्ट मला अधिक विचार करायला लावते. दुष्ट हेतूने केलेला नियम निदान ओळखता तरी येतो, डॉ. निक्सन यांना आपण कोणाशी लढतो आहोत हे ठाऊक होते. सद्हेतूने केलेला नियम जेव्हा माणसाचे मत पोकळ करतो, तेव्हा तक्रार करणारा कृतघ्न ठरतो.

हा सारा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. पण २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस पक्षाने देशातील मोजक्या मतदारसंघांत अमेरिकन धर्तीची प्राथमिक निवडणूक घेण्याचा प्रयोग केला आणि त्यांत आपले बडोदे होते. पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी मते देऊन एक उमेदवार निवडला. पुढे नरेंद्र मोदी यांची उमेदवारी येथून जाहीर झाली, तेव्हा त्या निवडलेल्या उमेदवाराने माघार घेतली आणि पक्षाने मधुसूदन मिस्त्री यांना उभे केले. मोदी पाच लाख सत्तर हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. निकाल काय लागला असता हा प्रश्न गौण आहे. प्रश्न असा की, ज्यांनी रांगेत उभे राहून पहिले मत दिले, त्यांच्या मताचे काय झाले? तिकडे अमेरिकेत अलास्का राज्याने २०२० साली कौल घेऊन नवी पद्धती स्वीकारली आणि २०२२ मध्ये ती प्रथम वापरली. प्राथमिक फेरीत सर्व पक्षांचे उमेदवार एकत्र, सर्वांना एकेक मत, आणि पहिले चौघे मुख्य निवडणुकीस पात्र. पुन्हा तोच चाराचा आकडा! पण एक फरक आहे आणि तोच सर्व काही आहे. तेथे दोन्ही फेऱ्यांत मतदार तेच असतात. शिवाय मुख्य फेरीत मतदार चौघांचा पसंतीक्रम लावतो. येरवड्याच्या चौघांना मात्र एका समाजाने पुढे पाठवले आणि दुसऱ्याने निवडले.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. एखाद्या निवडणुकीत लोकांना काय अधिकार मिळाला, हे विचारताना दोन प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत. नावे कोण लिहितो? आणि लिहिलेल्या नावांतून कोण निवडतो? यांतील एकाच प्रश्नाचे उत्तर समाधानकारक असेल, तर उरलेले अर्धे उत्तर त्या समाधानाला केव्हा गिळून टाकील याचा नेम नाही.

आता सरांच्या वर्गाकडे परत जातो. मागच्या बाकांवरच्या मुलांनी त्या दिवशी फळ्यावर तीन नावे लिहिली. पहिले होते प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचे. तिसरे नाव जागा भरण्यासाठी लिहिलेले होते. बसायला त्यांच्यातच, पण कोणाच्या अध्यात ना मध्यात असा एक मुलगा. सगळ्या वर्गाने हात वर केले आणि तो तिसरा निवडून आला. पुढच्या बाकांना तो सोयीचा वाटला. तो पहिला मुलगा सरांना म्हणाला, "खडू आम्हांला दिलात सर, पण हात त्यांचेच जास्त होते." सर बराच वेळ फळ्याकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "चूक माझी. नियम करताना मी शेवटपर्यंत मोजलं नाही."

तो निवडून आलेला तिसरा मुलगा मी होतो. वर्षभर मी वर्गनायकाचा बिल्ला लावून हिंडलो आणि वर्षभर मागच्या बाकांवर कोणी माझ्याशी मोकळेपणाने बोलले नाही. मी काही लबाडी केली नव्हती; मला मते मिळाली होती. पण ज्यांच्या नावाने मी उभा होतो, त्यांचा मी नव्हतो, हे त्यांना कळत होते आणि मलाही. पुढे आयुष्यभर मराठी शिकवताना 'प्रतिनिधी' या शब्दाचा अर्थ सांगायची वेळ आली की मला तो बिल्ला आठवे. पुणे कराराची ती चार ओळींची कलमे वाचताना मला पहिल्या उमेदवाराविषयी जितकी हळहळ वाटते, तितकीच त्या चौथ्याविषयीही वाटते, ती याच कारणाने.

नियम करणाऱ्याने शेवटपर्यंत मोजावे, ही सरांची शिकवण. या शाळेतून बाहेर पडलेले आपण कोणी सहकारी संस्थेत, कोणी पालकसभेत, कोणी पक्षात, कोणी विधिमंडळातही असाल. जेथे जेथे निवडण्याचा नियम करण्याची वेळ आपल्यावर येईल, तेथे खडू कोणाच्या हाती आहे एवढेच पाहून थांबू नका. हात कोणाचे मोजले जाणार आहेत तेही पाहा. सरांच्या स्मृतीस वंदन करतो.